ठमाबाईचे दोन वाटे आणि विलायतेचे दोन पाव

पनवेलच्या मच्छीबाजारात एके काळी अशी कुजबुज होती, की मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ठमाबाईनं पोटच्या पोराला कालवणातून काहीतरी घातलं आणि सकाळी त्याचं मत फिरलं. 'काहीतरी' म्हणजे नेमकं काय, यावर मात्र एकमत नव्हतं. कुणी म्हणे देवळातला अंगारा, कुणी म्हणे जासईच्या कुणा भगतानं दिलेली मुळी. आमच्या वसुंधराबाईंनी ते ऐकून एवढंच विचारलं, की ती मुळी कुठं मिळते, कारण चाळीस वर्षं त्या माझं मत फिरवायला बघताहेत.

ही अफवा पसरवण्यात माझा हात नव्हता, असं मी शपथेवर सांगणार नाही. मी पोस्टात छत्तीस वर्षं काढली. हातात आलेलं पुढे पोचवणं अंगात मुरलंय, आणि पाकीट फोडून बघायची तेव्हा जी बंदी होती ती आता उरलेली नाही. पण ज्या बाईबद्दल मी हे पसरवलं, तिच्यासारखी बाई मी पनवेलात दुसरी पाहिली नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

ठमाबाई करंजा बंदराची. तिचा नवरा काशिराम एका होडीचा धनी होता. तो गेल्यावर होडी परेशकडे, म्हणजे मुलाकडे आली आणि त्यानं तिची इंजिनाची बोट केली. ठमाबाई मात्र सेहेचाळीस वर्षं सकाळच्या टेंपोनं पनवेलला येते आणि करंज्याच्या नाखवांच्या, म्हणजे बोटमालकांच्या, सोसायटीनं इथं बांधलेल्या शेडमध्ये, दारातून तिसऱ्या ओट्यावर बसते. मला ती टपालदादा म्हणते. गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं विचारते, "टपालदादा, आज बायकोनं धाडलाय, का चुगल्या गोला कराला आलाव?" मी म्हणतो, दोन्ही. मग ती मला सगळ्यात बारका मासा देते.

तिच्या हाताची करामत कळायला वाटा कळला पाहिजे. आमच्याकडे बारीक मासा तराजूवर घालत नाहीत. ओट्यावर त्याचे ढीग मांडतात, एक ढीग म्हणजे एक वाटा, आणि एका वाट्याचा एक भाव. आता तेवढेच मासे घेऊन ढीग केवढा दिसावा, हे मांडणारीच्या बोटांत असतं. डोकी बाहेर, शेपट्या आत, खाली दोन आडवे. असा वाटा ठमाबाई लावते तेव्हा आठ मासे बारांसारखे दिसतात. मी एकदा मोजायला गेलो, तर म्हणाली, मोजून घेनाऱ्यान् दुकानात जावा, तिथं डबे असतात. आणि तरी घरी नेल्यावर कुणाला फसवल्यासारखं वाटायचं नाही. मासाच तसा ताजा असायचा.

तर झालं असं. दोन-अडीच वर्षांपूर्वी सोसायटीचे चेअरमन बळीराम नाखवा यांनी एक ठराव आणला. त्यांच्या तीन बोटी, पांढऱ्या मिशा, आणि 'आपलं बंदर' म्हणताना छातीवर हात. ठराव असा, की सोसायटीच्या शेडमध्ये बारा महिने फक्त आपल्याच बंदराचा मासा विकायचा. आंध्र, ओडिशा, गुजरात, कुठलाही ट्रकचा मासा आत येणार नाही.

नाखवांचं म्हणणं खोटं नव्हतं, ते नीट सांगायला हवं. पावसाळ्यात दोन महिने सरकारची मासेमारी बंदी असते, इंजिनाच्या बोटी किनाऱ्याला लागतात. त्या काळात ट्रक येतात, ते ऑगस्टातही थांबत नाहीत. डिझेल, बर्फ, खलाशी सगळं अंगावर घेऊन बोट परत आली, की बाजारात आधीच परका मासा स्वस्तात पडलेला. परेशनं त्या पायी सलग दोन हंगाम सोसले होते. तो ठरावाच्या बाजूनं पुढे होता.

आणि ओट्यावरच्या बायकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. बंदीच्या दोन महिन्यांत त्या काय विकणार? खाडीत बिनइंजिनाच्या चार होड्या जातात, त्यांचा मासा तीन ओट्यांनाही पुरत नाही. विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगांतलं गिऱ्हाईक एकदा मोबाईलवर मासा मागवायला शिकलं, की परत शेडमध्ये चिखल तुडवत कशाला येईल? शिवाय ठरावात शेवटी एक बारीक ओळ होती. जी ओटा दोन महिने रिकामा ठेवील, तिचा ओटा सोसायटी परत घेईल. ठमाबाईचा तिसरा ओटा त्या एका ओळीत जाणार होता.

मत द्यायचा अधिकार मात्र सभासदाला. सभासद म्हणजे बोटीचा मालक. एकेचाळीस सभासद, सगळे बापये. काशिरामाचा शेअर परेशच्या नावावर गेलेला. म्हणजे ठमाबाईच्या ओट्याचा निकाल लावणाऱ्यांत तिचा मुलगा होता, आणि ती नव्हती.

इथं विलायत कुठून आली म्हणाल, तर ती आली परेशच्या पोरीच्या वहीतून. ही कीर्ती, पनवेलच्या कॉलेजात. इतिहासाच्या पेपरात तिला केटी लागली होती, म्हणजे तोच पेपर पुन्हा. ती आजीबरोबर टेंपोनं यायची आणि लेक्चरला वेळ असला की ओट्याच्या मागे फळीवर बसून मोठ्यानं पाठ करायची, कारण मनात वाचलं की तिला झोप येते. मीही समोर उभा राहून ऐकायचो. मलाही झोप यायची.

ती वाचत होती ते असं. सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत मोठं भांडण पेटलं. बाहेरून येणाऱ्या धान्यावर आणि मालावर जकात बसवायची, की दारं उघडी ठेवायची? एक बाजू म्हणे, परका माल स्वस्तात येऊन पडतो, आपले कारखाने बसतात, जकात लावाच. दुसरी म्हणे, जकात लावलीत की गरिबाचा पाव महागला. ही दुसरी बाजू प्रचाराला दोन पाव घेऊन फिरे, एक भला मोठा, एक एवढासा. मोठा आमच्या राज्यातला, छोटा त्यांच्या. काठ्यांवर पाव, भिंतींवर पावांची चित्रं. जकातवालेही काही कमी नव्हते. त्यांच्या गाड्या गावोगाव जात, ग्रामोफोनवर गाणी वाजत, दुकानात परका माल मांडून लोकांना सांगत की बघा, हा तुमचं काम खातो.

ठमाबाई बोईट मासा साफ करत होती. सुरी थांबली.

"त्या बायांना मत होता का गो?"

"नाही आजी. पार्लमेंटचं मत एकाही बाईला नव्हतं."

"मंग घरान् बसल्या?"

"छे. सभा घ्यायच्या, दारोदार जायच्या. दोन्हीकडच्या."

"आन आपला माल? आपल्यावर तवा तेंचंच राज होता ना?"

कीर्तीनं वही चाळली. म्हणाली, आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"मंजे आपून बी त्या बायांवानी," ठमाबाई म्हणाली, आणि सुरी पुन्हा चालू झाली.

मी तिथं छत्री धरून उभा होतो. मॅट्रिकला इतिहासात मला बऱ्यापैकी मार्क होते. पण चौथी शिकलेल्या त्या बाईनं बोईटाचं पोट फाडता फाडता जे दोन वाक्यांत ओढून बाहेर काढलं, ते मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं. मी काहीतरी बोलणार, तर ती म्हणाली, टपालदादा, वाट सोरा, गिऱ्हाईक आलाय.

मग तिनं विचारलं, कोण जितला? कीर्ती म्हणाली, मोठ्या पाववाले, धो धो मतांनी.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईच्या ओट्यावर दोन थाळे होते. एकात भरघोस वाटा, एकात चार बारके मासे. हा शेड उघडी असतानाचा, हा ठरावानंतरचा. शेजारच्या ओट्यावरची कृष्णाबाई, तिची चाळीस वर्षांची सोबतीण आणि तेवढ्याच वर्षांची भांडणारी, ती आधी हसली आणि मग स्वतःचे दोन थाळे घेऊन आली. आठवडाभरात बाया दुपारी करंज्यात घरोघर जायला लागल्या. नाखवा घरात असेल तर त्याच्यापुढे, नसेल तर त्याच्या बायकोपुढे थाळे ठेवायचे आणि गप्प बसायचं. ठमाबाईचा सक्त हुकूम होता, बोलायचा नाय. बोललाव की ते भांडतान. बघतान तर इचार करतान.

सांगतो, मी पनवेलात किती निवडणुका पाहिल्या असतील. भोंगे, जेवणावळी, बॅनरवर हात जोडलेली मंडळी. पण दोन थाळे आणि गप्प बसलेली बाई, असा प्रचार मी नाही पाहिला. ठरावाविरुद्ध सहा सभासद होते, ते म्हणता म्हणता वीस झाले.

घरात मात्र अबोला. परेशनं आईला एकच विचारलं होतं, लोक माझ्या तोंडावर हसतात, तुला चालतं का? त्यानंतर आठ दिवस त्याला ताट कीर्ती वाढायची. आणि ही कीर्ती फार सरळ पोरगी. जे ओट्यावर आजीला वाचून दाखवायची, तेच रात्री बापाला सांगायची. अशाच एका जेवणात तिनं पुढची गोष्टही सांगितली. जकातवाल्यांचा एक पुढारी होता, एका डोळ्यावर काच लावायचा, मंत्रिपद सोडून प्रचाराला निघाला होता. त्यानं भर सभेत स्वतः दोन पाव वर धरले. एक जकात नसतानाचा, एक जकातीनंतरचा, आणि विचारलं, यातला मोठा कुठला सांगा बघू. दोन्ही जवळजवळ सारखेच.

परेश जेवण अर्धं टाकून बळीराम नाखवांकडे गेला. एकाच घरातून दोन्ही पक्षांना दारूगोळा जात होता, आणि तोही केटीच्या वहीतून.

मतदानाच्या आधीच्या रविवारी शेडमध्ये सभा झाली. बाहेर पाऊस, आत एकेचाळीस सभासद, झाडून सगळ्या बाया, आणि अर्थात मी. बळीराम नाखवांनी टेबलावर दोन थाळे मांडले, दोन्हींत बोईट. बोईट हा खाडीतही मिळतो आणि ट्रकमधूनही येतो. ते म्हणाले, हा डावीकडचा ट्रकचा. हा उजवीकडचा आपल्या खाडीचा, आज पहाटे आमच्या चुलतभावाच्या होडीनं काढलेला. भाव तोच, आपल्यात फक्त एक मासा कमी. एका माशासाठी बंदर विकणार का? आणि चकाकी बघा. आपला मासा आंधळ्यालाही ओळखू येतो.

टाळ्या पडल्या. परेशनं आईकडे बघितलं नाही.

ठमाबाई उठली, पदर खोचला आणि टेबलाशी आली. कुणी अडवलं नाही. बळीराम काशिरामाचा जुना सोबती, ते भावजी-वयनीचं नातं होतं. तिनं शांतपणे दोन्ही थाळे एकात उलटे केले, मासे कालवले, आणि थाळा त्यांच्यापुढे सरकवला.

"भावजी, आता तुमचा येगला कारा."

बळीराम हसले आणि काढायला लागले. हा आपला, हा ट्रकचा. पाचव्या माशाला हात थबकला. सातव्याला त्यांनी चष्मा लावला. एक उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, आणि आपला मासा त्याला सापडेना.

मग ठमाबाईनं एकेक मासा हातात घेतला. कल्ला उघडला, वास घेतला, पोटावर अंगठा टेकवला, बाजूला ठेवला. मला वाटलं दोन ढीग होतील. झाला एकच.

"येगला काराला यान् काय नाय," ती म्हणाली. "समदा एकाच टरकाचा हाय. चार दिस बर्फान् निजलाय. आपल्या खारीच्या बोईटाला चिखलाचा वास येतो."

बळीराम चिडले. तिनं एक मासा त्यांच्यापुढे धरला. पोटावर एक खळगा होता. ट्रकवरून मासा घेताना प्रत्येक बाई पोट दाबून बघते, आणि बर्फातल्या माशावर तो ठसा तसाच राहतो. हा ठसा डाव्या अंगठ्याचा होता. साऱ्या शेडमध्ये डावखुरी एकच.

सगळ्यांनी कृष्णाबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, हां, सकालीच नेला आनंदानं, दोन वाटे. तो आनंदा, बळीरामांची बोट चालवणारा तांडेल, खांबाआड उभा होता. पावसात होडी बाहेरच पडली नाही, शेठ वाट बघत होते, म्हणून त्यानं शेडमधूनच दोन्ही वाटे घेतले. त्याला वाटलं, मासा तो मासा. बळीरामांना यातलं काही ठाऊक नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

शेड हसली. मी तर पोट धरून हसलो. ठमाबाई हसली नाही. तिनं मासे पुन्हा दोन थाळ्यांत सारखे लावले, बळीरामांच्या थाळ्यात उलट एक जास्तच घातला, हात पुसले आणि जाऊन बसली. एका अंगठ्याच्या खळग्यावरून माशाचा सगळा प्रवास वाचणारी ती बाई, आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. पुढे मी विचारलं तेव्हा म्हणाली, तुमी पाकिटावरचा अक्षर बघून कोनाचं ते सांगत नव्हताव का? मी सांगत होतो. पण ते लिहिलेलं असायचं.

आता तुम्हाला वाटेल, खेळ संपला. उलटं झालं. हसं झाल्यामुळे ठराववाले एकवीसजण हट्टाला पेटले आणि त्याच संध्याकाळी देवळात नारळावर हात ठेवून ठरावालाच मत द्यायची शपथ घेऊन आले. परेशही त्यात होता. वीस विरुद्ध एकवीस. शेडमधल्या मांजरालाही हिशोब पाठ झाला होता. ठमाबाई ओट्याखालची लाकडी पेटी रिकामी करायला लागली. इतक्या वर्षांच्या सुऱ्या, एक फुटका कंगवा, काशिरामाचा एक फोटो. ते पाहिल्यावर त्या दिवशी मी चुगली मागितली नाही.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, आठ दिवसांनी, तिनं परेशचं ताट स्वतः वाढलं. बोईटाचंच कालवण होतं. दार उघडं होतं, समोरच्या ओटीवरून शेजारणींनी पाहिलं. कुजबुज तिथूनच उठली. ती काय बोलली ते मला कीर्तीनं सांगितलं.

"मत तुजा हाय, मी मांगत नाय. पन माज्यावरच्या रागान् अर्धापोटी उठू नको."

परेश खाली मान घालून जेवला. दोनदा कालवण घेतलं.

सकाळी स्टीलच्या डब्यात एकेचाळीस चिठ्ठ्या पडल्या. मोजल्या. ठरावाच्या बाजूनं वीस, विरुद्ध एकवीस. पुन्हा मोजल्या, तेवढ्याच. ठराव पडला. कृष्णाबाई रडली आणि मग लगेच ठमाबाईशी पेटीच्या जागेवरून भांडली. तिसरा ओटा राहिला. आजही तिथंच आहे, उद्या सकाळी जाऊन बघा.

पण फुटलेलं मत कुणाचं, हा प्रश्न उरला, आणि करंज्यानं त्याचं उत्तर तासाभरात देऊन टाकलं. परेशला 'आयचा पोर' म्हणू लागले. बोट ओढायला माणसं येईनात. तो पुन्हा देवळात जाऊन शपथ घेऊन आला, तर लोक म्हणाले, कालवणाचा असर अजून उतरला नाय वाटतं. दोन वर्षं त्यानं ते सोसलं. मी ठमाबाईला विचारलं होतं, काय घातलंस गं त्या दिवशी? म्हणाली, चिंच, जरा जास्तच झालती. मी तेही चवीनं सगळीकडे सांगितलं. आता त्याची लाज वाटते.

कारण यंदा होळीच्या आधी बळीराम नाखवा माझ्या घरी आले. जिने चढून दमले होते. वसुंधराबाईंनी चहा दिला तो त्यांनी घेतला नाही, आधी बोलू द्या म्हणाले.

"टपालदादा, जो मासा मला वलकता येत नाय, तेच्यासाठी त्या बाईला वट्यावरशी उठवू कसा? त्या दिसापासून झोप नवती. पन चेअरमननं आपलाच ठराव पारला, हे सांगाची हिंमत नवती. पोराला उगाच शिव्या बसल्या. आता लिवा. माजं नाव घालून लिवा."

ते त्याआधी परेशकडे जाऊन आले होते. त्याच्यापुढे हात जोडले तेव्हा ठमाबाई दारातच होती. म्हणाली, मना ठाव होता, माजा पोर नारलावर हात ठेवून खोटा नाय बोलाचा. म्हणजे पोरानं आपल्या ओट्याविरुद्ध मत दिलंय, हे दोन वर्षं तिला माहीत होतं. आणि दोन वर्षं तिनं त्याला रोज वाढलं, आणि कुणालाही चकार शब्द सांगितला नाही. मलाही नाही.

तर बळीराम नाखवांच्या सांगण्यावरून लिहितो. ठमाबाईनं कालवणात चिंचेखेरीज काहीही घातलं नव्हतं. परेशनं मत ठरावाच्या बाजूनंच दिलं. ठराव पाडणारं एक मत बळीराम नाखवांचं होतं.